चर्चच्या आवारातील युद्धस्मारक (इंग्लंड)

इंग्लंडमधील खेड्यांत पहिल्या महायुद्धात (१९१४–१८) मरण पावलेल्या गावकऱ्यांची नावे कोरलेला दगडी क्रूस, स्तंभ किंवा फलक. तो बहुधा चर्चच्या आवारात, रस्त्यावरून दिसेल अशा जागी उभा असतो. यांतील बहुतेक स्मारके १९१९ नंतरच्या चार-पाच वर्षांत उभी राहिली. त्याआधी दक्षिण आफ्रिकेतील बोअर युद्धाची (१८९९–१९०२) स्मारके झाली होती, पण ती मुख्यतः पलटणींची, शहरांची किंवा शाळांची. गावातल्या शेतमजुराचे, लोहाराच्या पोराचे नाव दगडावर येण्याची रीत खऱ्या अर्थाने महायुद्धानंतरच रुजली. इंपीरियल वॉर म्युझियमच्या नोंदवहीत आज ब्रिटनमधील सर्व प्रकारची मिळून ९०,००० हून अधिक युद्धस्मारके आहेत.

या रीतीचे मूळ एका सरकारी निर्णयात आहे. मृत सैनिकांचे देह मायदेशी आणायचे नाहीत, असे १९१५ मध्ये ठरले. पुढे १९१७ मध्ये स्थापन झालेल्या, युद्धात मेलेल्यांची थडगी सांभाळणाऱ्या इंपीरियल वॉर ग्रेव्ह्ज कमिशनने तोच नियम अधिकारी आणि शिपाई, श्रीमंत आणि गरीब सर्वांना सारखा लावला. शिवाय तोफांच्या माऱ्यात लाखोंचे देह सापडलेच नाहीत, किंवा सापडले तरी ओळखू आले नाहीत. आईबापांजवळ मातीच उरली नाही. फ्रान्समधील थीपवालच्या स्मारकावर थडगे नसलेल्या ७२,००० हून अधिक जणांची नावे आहेत, पण तिथवर जाणे गावातल्या विधवेला परवडणारे नव्हते. जिथे आजोबा-पणजोबा पुरले गेले होते, त्याच आवारात निदान नाव तरी असावे, ही ओढ साधी आणि खोल होती. म्हणून या दगडाला आधी थडग्याच्या जागी मानावे आणि मग स्मारक म्हणावे. तिथली फुले सुरुवातीला घरच्यांनीच वाहिली. ब्रिटनमधल्या इस्पितळात दगावलेले सैनिक मात्र गावी पुरता आले. त्यांची पांढरी, कमिशनच्या ठरावीक घडणीची थडगी याच आवारात दिसतात.

स्मारक उभारणे सहसा सरकारी काम नव्हते. गावाची समिती बसे, घरोघर वर्गणी जमे आणि वादही होत. क्रूस उभारावा की तेच पैसे सभागृहाला द्यावेत? चर्चच्या आवारात स्मारक घेतले, तर वेगळ्या पंथाच्या चॅपलमध्ये जाणाऱ्या कुटुंबांनी काय करायचे? त्यांचीही मुले मेली होती. या कारणाने काही गावांनी चौकातली किंवा मैदानातली जागा निवडली. आवारात बांधायचे तर चर्चच्या प्रांतिक न्यायालयाची लेखी परवानगी लागे, आजही लागते.

सर्वांत नाजूक प्रश्न नावांचा. गाव सोडून दुसरीकडे कामाला गेलेला मुलगा कोणत्या गावाचा? युद्ध संपल्यावर जखमेने मेलेल्याला धरायचे का? त्यामुळे एकच नाव दोन गावांत आढळते, आणि काही स्मारकांवर १९१४–१८ तर काहींवर १९१४–१९ अशी वर्षे दिसतात. अनेक ठिकाणी हुद्दे गाळून नावे वर्णानुक्रमे लावली, त्यामुळे जमीनदाराचा मुलगा आणि त्याचा माळी एकाच ओळीत आले. त्या काळच्या इंग्लंडच्या मानाने ही मोठीच गोष्ट होती.

लिंकनशायरमधील फुल्स्टो गावाची हकीकत वेगळी आहे. पळून गेल्याच्या आरोपावरून गोळ्या घातलेल्या एका शिपायाचे नाव वगळायचे, असे ठरत होते. गावाने मग स्मारकच उभारले नाही. ते २००५ मध्ये झाले, त्याच्या नावासह. अशा ३०६ सैनिकांना ब्रिटिश सरकारने पुढच्याच वर्षी माफी दिली. याउलट, गेलेले सगळे परत आले अशी इंग्लंड-वेल्समधली गावे जेमतेम पन्नासच्या आसपास भरतात.

ईस्ट ससेक्समधील बरवॉश येथे चर्चलगतच्या स्मारकाच्या माथ्यावर दिवा आहे. कोरलेल्या प्रत्येकाच्या मृत्युदिनी तो संध्याकाळी लावतात. यांतले एक नाव जॉन किपलिंगचे. तो १८ वर्षांचा असताना सप्टेंबर १९१५ मध्ये फ्रान्समधील लूसच्या लढाईत बेपत्ता झाला. दृष्टी अधू म्हणून सैन्याने नाकारलेल्या या मुलाला वडिलांनीच ओळख लावून भरती करवले होते. वडील म्हणजे मुंबईत जन्मलेले लेखक रुडयार्ड किपलिंग. पुढे तेच ग्रेव्ह्ज कमिशनचे सदस्य झाले आणि मोठ्या दफनभूमींतील शिळांवर कोरायचे ‘त्यांचे नाव सदैव जिवंत राहील’ या अर्थाचे बायबलमधील वचन त्यांनी सुचवले. मुलाचे थडगे त्यांना हयातीत सापडले नाही.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या रविवारी, स्मृतिदिनी, गाव स्मारकापाशी जमते. बिगुल वाजतो, ११ वाजता दोन मिनिटे सारे स्तब्ध उभे राहतात (ही प्रथा १९१९ पासूनची), नावे मोठ्याने वाचली जातात आणि पॉपीच्या लाल कागदी फुलांची चक्रे वाहतात. दुसऱ्या महायुद्धातील नावे बहुधा त्याच स्मारकाच्या पायथ्याशी नंतर कोरलेली असतात. ती यादी बऱ्याच गावांत पहिलीपेक्षा आखूड असते. स्थानिक संस्थांना देखभालीवर खर्च करण्याची मुभा १९२३ च्या कायद्याने मिळाली. दगडावरचे शेवाळ जोरात घासल्याने अक्षरे कायमची झिजतात, म्हणून जाणकार सौम्य सफाईचाच आग्रह धरतात.

महाराष्ट्रातही सातारा, रत्नागिरी भागातील गावांत त्याच युद्धाचे संगमरवरी फलक आहेत. इतके पुरुष युद्धावर गेले, पैकी इतक्यांनी प्राण दिले, एवढाच त्यांवरचा मजकूर. साताऱ्याजवळचे ‘मिलिटरी अपशिंगे’ पहिल्या महायुद्धातील आपल्या ४६ मृतांचा आकडा आजही सांगते. महाराष्ट्रातून गेलेले पुष्कळ मराठे मेसोपोटेमियात (आजच्या इराकमध्ये), कुतच्या वेढ्यात आणि आसपासच्या लढायांत पडले. बसऱ्याच्या स्मारकावर ब्रिटिश शिपायांची नावे कोरली गेली, पण हिंदी शिपायांची पलटणवार संख्या तेवढी लिहिली. अंदाजे ४५,००० ते ५४,००० सैनिकांच्या स्मरणात असा दुजाभाव झाला, त्यांत बरेचसे हिंदी व आफ्रिकी होते, असे कमिशनने २०२१ मध्ये स्वतः मान्य करून क्षमा मागितली.