माळढोकासाठीचा सरकारी पैसा : उशिरा आलेलं अनुदान

राजस्थानात सम आणि रामदेवरा इथल्या केंद्रांत आज माळढोकाची पिल्लं वाढवली जात आहेत. त्यामागे केंद्राचा पैसा आहे. तो येईपर्यंत सोलापूरच्या माळावरून हा पक्षी जवळजवळ नाहीसा झाला होता. हे असं का झालं, हे समजायचं तर पन्नासेक वर्षं मागे जावं लागतं.

१९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा झाला तेव्हाच माळढोकाला पहिल्या अनुसूचीत जागा मिळाली, म्हणजे शिकार पूर्ण बंद. कायद्यापाठोपाठ पैसा मात्र वाघाकडे गेला. १९७३ मध्ये व्याघ्र प्रकल्प सुरू झाला आणि केंद्राकडून राज्यांना अनुदान देण्याची घडी बसली ती जंगलाभोवती. वाघाचं घर वनखात्याच्या ताब्यात होतं, माळढोकाचं नव्हतं. तो राहतो गवताळ माळावर, गायरानात, कोरडवाहू शेताच्या बांधाला. सरकारी दप्तरात त्यातली बरीचशी जमीन ‘पडीक’ म्हणून नोंदलेली, उरलेली शेतकऱ्याच्या सातबारावर. अशा जमिनीसाठी वन्यजीव खात्याच्या अनुदानात रकानाच नव्हता.

सोलापूरजवळच्या नान्नजला या पक्ष्याला पहिला आधार दिला तो दुष्काळाच्या पैशाने. सत्तरच्या दशकात अवर्षणप्रवण क्षेत्र विकास कार्यक्रमातून सोलापूर-नगर भागात माळाचे काही तुकडे चराईपासून राखले गेले. हेतू माती धरून ठेवण्याचा आणि चाऱ्याचा. तिथे गवत वाढलं, गवतात नाकतोडे आले आणि माळढोक त्या तुकड्यांवर येऊ लागले. पक्ष्यासाठी न आखलेल्या योजनेने पक्ष्याचं भलं केलं. पण याच कार्यक्रमांत माळावर झाडंही लावली गेली, ग्लिरिसिडियासारखी परदेशीसुद्धा. माळढोकाला लांबवर नजर पोहोचेल अशी मोकळी जागा लागते. मादी साधारण एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर, घरट्याशिवाय. त्याच्या माळावर झाडं लावण्यासाठी खर्च झालेला पैसा वाया गेला नाही, तो नुकसान करून गेला, असं माझं स्पष्ट मत आहे.

१९७९ मध्ये सोलापूर आणि नगर जिल्ह्यांतलं तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटर क्षेत्र माळढोक अभयारण्य म्हणून जाहीर झालं. गावं, शेतं, बाजारपेठा सगळं त्यात. जमिनीची खरेदी-विक्री अडली, विकासकामांना परवानग्या लागू लागल्या. शेतकऱ्याला या अडचणीचा मोबदला देणारी भक्कम योजना त्याबरोबर आली नाही. माळढोकाचं नाव काढलं की लोक चिडायचे, आणि त्यांचं चिडणं रास्त होतं. पुढे हे क्षेत्र कमी करून सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं गेलं, पण तोवर दोन पिढ्यांचा राग साचला होता.

अभ्यासाचा पैसा तुलनेने लवकर आला. १९८० च्या दशकात बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या संकटग्रस्त प्रजाती प्रकल्पात डॉ. असद रहमानी यांनी मध्य प्रदेशातलं करेरा आणि आपलं नान्नज इथे माळढोकाचा अभ्यास केला. काय बिघडतंय हे तेव्हापासून कागदावर होतं.

केंद्राच्या अनुदानाची चौकट बदलली ती अकराव्या पंचवार्षिक योजनेत. राष्ट्रीय उद्यानं आणि अभयारण्यांसाठीच्या जुन्या योजनेचं रूपांतर ‘वन्यजीव अधिवासांचा एकात्मिक विकास’ या योजनेत झालं. संरक्षित क्षेत्राबाहेरच्या वन्यजीवांसाठी आणि अतिसंकटग्रस्त प्रजातींच्या पुनरुज्जीवनासाठी त्यात स्वतंत्र भाग आले. पुनरुज्जीवनाच्या यादीत माळढोक होता. २०११ मध्ये जागतिक लाल यादीत तो ‘अतिसंकटग्रस्त’ ठरला, आणि २०१३ मध्ये राजस्थानने स्वतःचा माळढोक प्रकल्प सुरू केला.

मोठी रक्कम आली ती कॅम्पा निधीतून. धरण, खाण, रस्ता यांसाठी वनजमीन वळवली की प्रकल्पवाल्याकडून भरपाई घेतली जाते, त्यातून हा निधी उभा राहतो. २०१६ मध्ये माळढोकाचा अधिवास सुधारणं आणि संवर्धन-प्रजनन यांसाठी त्यातून सात वर्षांकरता ३३.८५ कोटी रुपये मंजूर झाले. काम भारतीय वन्यजीव संस्थेकडे आलं. २०१९ मध्ये जैसलमेरजवळ सम इथे रानातली अंडी आणून उबवायला सुरुवात झाली. ऑक्टोबर २०२४ मध्ये कृत्रिम रेतनातून पहिलं पिल्लू जन्मलं. त्यासाठी रामदेवऱ्याच्या नराचं वीर्य सुमारे दोनशे किलोमीटरवरच्या समच्या केंद्रात नेलं होतं.

एवढं होऊनही रानातला धोका कायम आहे. माळढोकाचे डोळे डोक्याच्या बाजूंना असतात, समोरची वीजवाहिनी त्याला वेळेत दिसत नाही आणि वजनदार शरीर पटकन वळत नाही. एप्रिल २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वीजवाहिन्या भूमिगत करण्याचे आदेश दिले. मार्च २०२४ मध्ये खर्च आणि व्यवहार्यतेचे मुद्दे पुढे आल्यावर ते बदलले गेले आणि प्रश्न तज्ज्ञ समितीकडे गेला. वाहिन्या जमिनीखाली नेण्याचा खर्च प्रजातीसाठीच्या कुठल्याही अनुदानात मावणारा नाही. तो वीज कंपन्यांनी सोसायचा की ग्राहकांनी, हा वाद तिथूनच सुरू होतो.