धूम्रपान सोडणे : यशापयशाची कारणे (बेळगाव सीमाभाग)

बिडी किंवा सिगारेट ओढणाऱ्याने ती कायमची बंद करणे म्हणजे धूम्रपान सोडणे. अभ्यासात साधारणपणे सहा महिने एकही झुरका न घेतलेल्याला यशस्वी धरतात. कसलीही मदत न घेता सोडू पाहणाऱ्या शंभर जणांतले तीन ते पाचच जण ही मजल गाठतात. बाकीचे बहुतेक पहिल्या आठ-दहा दिवसांतच पुन्हा ओढू लागतात. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी या मराठी वस्तीच्या पट्ट्यात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. तंबाखू इथे व्यसनाबरोबरच पीक आहे आणि मजुरीही आहे. निपाणीच्या तंबाखू उत्पादकांनी भावासाठी १९८१ साली शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली रस्ता रोखला होता आणि पोलिसांच्या गोळीबारात शेतकरी मारले गेले होते. तंबाखू वाईट, एवढे सांगून अशा गावात फारसे काही साधत नाही.

‘मनावर घेतले की सुटते’ हा सर्वांत पक्का समज, आणि तो अर्धाच खरा आहे. इच्छा माणसाला प्रयत्नापर्यंत नेते. प्रयत्न टिकणार की नाही हे मुख्यतः शरीर निकोटिनवर किती अवलंबून आहे यावर ठरते. २०१६-१७ च्या राष्ट्रीय प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात देशातल्या सुमारे ३८ टक्के धूम्रपान करणाऱ्यांनी आदल्या वर्षभरात सोडण्याचा प्रयत्न केला होता. म्हणजे इच्छेचा दुष्काळ नाही.

अवलंबित्व मोजायला एक प्रश्न बऱ्याच अंशी पुरतो : उठल्यावर पहिली बिडी किती वेळात पेटते? निकोटिनचे रक्तातले प्रमाण दर दोन तासांनी साधारण निम्मे होते, त्यामुळे रात्रभरात ते तळाला जाते. तोंड धुण्याआधीच ज्याचा हात काडेपेटीकडे जातो, किंवा जो अर्ध्या तासाच्या आत ओढतो, त्याचे अवलंबित्व जास्त समजावे. दिवसाला किती बिड्या, हा आकडा त्यामानाने फसवा असतो. वीसच्या दहा केल्या तरी माणूस नकळत झुरके लांब आणि खोल घेतो व तेवढेच निकोटिन वसूल करतो. बिडीत तंबाखू सिगारेटपेक्षा कमी असते हे खरे, पण तेंदूच्या पानातून हवा फारशी खेळत नाही. ती विझू नये म्हणून घाईघाईने ओढावी लागते. म्हणून बिडी सौम्य, हा समज चुकीचा आहे. निकोटिन आणि कार्बन मोनॉक्साइड सिगारेटइतकेच, कधी जास्तही, आत जाते.

बंद केल्यावर त्रास दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिगेला पोचतो : चिडचिड, हुरहूर, झोपमोड, भूक, कशात लक्ष न लागणे. दोन ते चार आठवड्यांत हे ओसरते. एकेक तलफ मात्र तीन ते पाच मिनिटांचीच असते, आणि तेवढा वेळ हात गुंतवणे हीच खरी युक्ती. या भागातल्या पुरुषांची नेहमीची तक्रार वेगळीच असते : बिडीशिवाय पोट साफ होत नाही. ही सबब नव्हे. निकोटिन आतड्याची हालचाल वाढवते, ते बंद झाले की काहींना खरोखर बद्धकोष्ठ होते. सकाळी कोमट पाणी, जोंधळ्याच्या भाकरीबरोबर पालेभाजी, जरा फिरणे आणि ठरलेल्या वेळी बसणे, एवढ्यावर काही आठवड्यांत ते ताळ्यावर येते. हे आधी सांगितलेले नसले की चौथ्या दिवशी माणूस ‘औषध म्हणून’ एक बिडी ओढतो, आणि पहिल्या दोन आठवड्यांतली एक बिडी बहुधा एकटी राहत नाही.

चहाचेही असेच. धुरातल्या घटकांमुळे यकृत कॅफीन लवकर निकाली काढत असते. धूर थांबला की तेवढाच चहा किंवा कॉफी रक्तात जास्त वेळ राहते, आणि छातीत धडधड किंवा रात्रीची झोपमोड बिडी सोडल्यामुळेच होते असे वाटू लागते. पहिल्या आठवड्यात चहा निम्मा करावा. टपरीवरचा तर करावाच, कारण दोरीला बांधलेला लायटर तिथेच लटकत असतो. दम्यासाठी थिओफिलीन घेणाऱ्याने सोडण्याआधी डॉक्टरांना सांगावे, त्याचा डोस कमी करावा लागू शकतो.

परिस्थिती किती आड येते हे कामाच्या जागी दिसते. शहापूर-वडगावच्या यंत्रमागांवर आणि उद्यमबागच्या फाउंड्रीत बिडी हीच मधली सुट्टी असते. ओढणाऱ्याला पाच मिनिटे बाहेर जायला मिळते, न ओढणारा मागापाशीच उभा राहतो. अशा माणसाला बिडी सोड म्हणताना बाहेर जायचे दुसरे निमित्त दिले नाही, तर आपण त्याची विश्रांतीच काढून घेतो. रात्रपाळी, दारू आणि ओढणारे सोबती ही घसरण्याची नेहमीची ठिकाणे. पहिला महिना दारू पूर्ण बंद ठेवणे हे बिडी बंद ठेवण्याइतकेच महत्त्वाचे आहे. उलट हृदयविकाराचा झटका किंवा क्षय यांसारख्या आजारानंतर सुटण्याचे प्रमाण वाढते, मात्र त्याच वेळी डॉक्टरांनी तीन मिनिटे देऊन तारीख ठरवून घेतली पाहिजे. छापील इशारा ते काम करत नाही.

सीमाभागातला सर्वांत मोठा धोका वेगळा आहे : बिडी सुटते आणि तंबाखू-चुन्याची डबी येते. चुना लावून मळलेली चिमूट ओठाखाली ठेवली की धूर नाही, विस्तव नाही, हात मोकळे. मागावर तर ही सोयच. घरातल्या बायका सकाळी मिसरी लावत असतील तर आक्षेप घ्यायलाही कोणी नसते. गळ्यात पंढरीची माळ आली की मांस-दारू सुटते, पण चिमूट पुष्कळदा माळेबरोबर सुखाने नांदते. अशा माणसाने धूर सोडलेला असतो, निकोटिन नव्हे. तलफ जिवंत राहते, तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढतो, आणि चिमूट हाताशी नसेल त्या दिवशी बिडी परत येते. म्हणून तारीख ठरवताना बिडी, चिमूट, मिसरी, गुटखा सगळे एकत्र मोजावे आणि एकाच दिवशी थांबवावे.

औषधांनी यशाची शक्यता दीडपट ते दुपटीहून अधिक होते, पण ती नीट वापरली तर. निकोटिन गम २ आणि ४ मिलिग्रॅमचा मिळतो. अर्ध्या तासाच्या आत पहिली बिडी लागणाऱ्याला ४ चा, बाकीच्यांना २ चा. तो खाऊच्या गमसारखा सतत चघळला की निकोटिन लाळेबरोबर पोटात जाते, घसा जळतो, उचक्या लागतात, आणि ‘मला मानवत नाही’ म्हणून सुटतो. खरी रीत अशी : आठ-दहा वेळा सावकाश चावायचा, तोंडात तिखट झिणझिण्या आल्या की गाल आणि हिरडीच्या मध्ये दाबून ठेवायचा, चव गेली की पुन्हा थोडा चावून दुसऱ्या बाजूला ठेवायचा. एक गम अर्धा तास पुरतो. त्याआधी पंधरा मिनिटे आणि तो तोंडात असताना चहा, कॉफी, लिंबू-सरबत नको, अशा आम्लधर्मी पेयांनी निकोटिन गालातून नीट शोषले जात नाही. (डबी वापरलेल्याला गालात दाबून ठेवण्याची रीत शिकवावी लागत नाही, हा त्यातल्या त्यात फायदा.) पहिले सहा आठवडे दर एक-दोन तासांनी एक, म्हणजे दिवसाला आठ ते बारा लागतात. महाग पडतो म्हणून दोन-तीनवर भागवणे हे अपयशाचे फार मोठे कारण. बिडीचा कट्टा गमच्या पट्टीपेक्षा स्वस्त मिळतो, ही अडचण खरीच आहे.

दिवसाला दहापेक्षा जास्त ओढणाऱ्याला २१ मिलिग्रॅमचा पॅच (कातडीला चिकटवायची निकोटिनची पट्टी) सहा आठवडे, मग १४ आणि ७ चा दोन-दोन आठवडे, असा क्रम असतो. घामाने तो सुटतो, म्हणून कोरड्या, केस नसलेल्या जागी लावून रोज जागा बदलावी. स्वप्ने फार पडली तर रात्री काढावा. पॅचबरोबर तलफेपुरता गम, ही जोडी एकट्या औषधापेक्षा सरस ठरते. बुप्रोपियॉन आणि व्हॅरेनिक्लिन या गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच घ्याव्यात, आणि दोन्ही ठरलेल्या तारखेच्या आठवडाभर आधी सुरू करावी लागतात. फिट येणाऱ्याला बुप्रोपियॉन चालत नाही.

कायद्याचा हातभार सीमेवर दुभंगतो. तंबाखूविषयक केंद्रीय कायद्यात कर्नाटकाने केलेल्या, २०२५ मध्ये लागू झालेल्या दुरुस्तीने सार्वजनिक ठिकाणी ओढण्याचा दंड २०० वरून १,००० रुपये झाला आणि खरेदीचे वय २१ केले गेले. महाराष्ट्रात केंद्रीय कायद्याचे वय १८ च आहे. म्हणजे एकोणीस वर्षांच्या मुलाला निपाणीत मिळू नये ती सिगारेट त्याच महामार्गावरच्या कागलात कायद्यानेच मिळते. सुटी सिगारेट विकायला दोन्हीकडे बंदी आहे. सुट्या विक्रीत पाकिटावरचे चित्र आणि त्याखाली २०१८ पासून छापला जाणारा मदतक्रमांक (१८००-११-२३५६, मोफत) दोन्ही ग्राहकाच्या नजरेआड राहतात.

सुटले की नाही हे तपासायला श्वासातला कार्बन मोनॉक्साइड मोजतात. तो एक-दोन दिवसांत उतरतो आणि रुग्णाला आकडा दाखवला की हुरूप येतो. हे यंत्र फक्त धूर ओळखते, ओठाखालची चिमूट त्याला कळत नाही. ती लघवीतल्या कोटिनीनवरून (शरीरात निकोटिनपासून बनणारा पदार्थ) कळते, पण गम किंवा पॅच वापरणाऱ्याच्या लघवीतही कोटिनीन सापडते, आणि निपाणीच्या वखारीत दिवसभर तंबाखू चाळणाऱ्या, कधीही न ओढलेल्या बाईच्याही. त्यामुळे इथे चाचणीआधी तीन गोष्टी विचाराव्या लागतात : औषध काय चालू आहे, डबी कुठे आहे आणि कामाला कुठे जाता.