साठ की आठ?

कोल्हापूरच्या उद्यमनगरात तीस वर्षं लेथवर काढलेले आमचे आबा घरात दार लावून बसलं की सगळं ऐकतात. रविवारी मिसळ खायला नेलं की मात्र गप्प. पंख्याची घरघर, ताटल्यांचा खणखणाट, शेजारच्या टेबलावर फुटबॉलवरून पेटलेला वाद. मागं एकदा गल्ल्यावरचा पोरगा 'साठ' म्हणाला आणि आबांनी दहाची नोट पुढं केली. वर दोन रुपये परत मिळतील म्हणून हात तसाच.

'साठ'मधला 'स' गेला की 'आठ' उरतो. आपले स्वर दणकट असतात. स, श, थ ही व्यंजनं बारीक, म्हणजे उंच पट्टीतल्या, हलक्या आवाजाची. वयानं किंवा कारखान्यातल्या आवाजानं कान जातो तो बहुधा बारीक आवाजांच्या बाजूनंच. त्यात गोंगाटाची भर पडली की शब्दाचा सांगाडा उरतो. "ऐकू येतंय, पण कळत नाही" ही तक्रार घरोघरी ऐकाल, आणि म्हाताऱ्यांना सोयीचंच ऐकू येतं असं म्हणून ती उडवूनही लावलेली दिसेल.

कानाची तपासणी कशी होते, हे यात महत्त्वाचं. बंद खोलीत बसायचं, कानावर हेडफोन, पीं वाजलं की बटण. आबा तिथून बाहेर येताना म्हणाले, "इथं तर चिटपाखरू नाही. हाटेलात तपासा म्हणावं की!" दुसऱ्या महायुद्धात कान गमावून आलेल्या अमेरिकी सैनिकांवर काम करताना रेमंड कारहार्ट यांनी नुसत्या सुरांवर न थांबता शब्द ऐकवून तपासायची पद्धत रुजवली. पुढं 1970 मध्ये त्यांनी आणि टॉम टिलमन यांनी लिहिलं, की बोलणं गोंगाटातही ऐकवून तपासा. म्हणजे आबांची मागणी पन्नासेक वर्षं जुनी.

मधल्या काळात ऐकण्यामागची गंमत उलगडत होती. 1953 मध्ये लंडनच्या कॉलिन चेरी यांनी एकाच माणसाच्या आवाजातले दोन मजकूर एकमेकांत मिसळून ऐकवले. वेगळे करताना ऐकणाऱ्यांची दमछाक झाली. तेच दोन मजकूर एकेका कानात दिले, तर हवा तो सहज धरता आला. पुढच्याच वर्षी सम्बी आणि पोलॅक यांनी दाखवलं, की गोंगाट जितका जास्त तितका बोलणाऱ्याचा चेहरा दिसण्याचा फायदा मोठा. खर्च वाचवायला एकाच कानाला ऐकायचं मशीन घेणाऱ्यांनी चेरींचा प्रयोग तेवढा लक्षात ठेवावा.

मला सगळ्यात पटतात ते डच शास्त्रज्ञ राइनियर प्लॉम्प. 1978 मध्ये त्यांनी श्रवणदोषाचे दोन भाग पाडले: आवाज क्षीण होणं आणि आवाज विस्कटणं. पहिल्यावर मशीन चालतं. दुसऱ्यावर नुसतं मोठं करून भागत नाही, कारण बोलण्याबरोबर गोंगाटही मोठा होतो. हे विस्कटणं बरंचसं अंतर्कर्णातल्या केसपेशींशी, म्हणजे आवाज टिपणाऱ्या, बारीक केस असलेल्या पेशींशी जोडलेलं. त्यांतल्या बाहेरच्या रांगांमधल्या बाराएक हजार असतात. खासबागेच्या कुस्ती मैदानात हलगी आणि घुमकं एकदम वाजतं, तरी दोन्ही वेगळी ऐकू येतात ती बरीचशी त्यांच्यामुळं. एकदा मेल्या की त्या पुन्हा उगवत नाहीत.

2009 मध्ये आणखी एक पदर निघाला. कुजावा आणि लिबरमन यांनी उंदरांना दोन तास मोठा आवाज ऐकवला. काही दिवसांत ऐकण्याची पातळी पूर्ववत झाली, पण केसपेशी आणि मज्जातंतू यांच्यातले कितीतरी जोड कायमचे तुटले होते. माणसात हे नेमकं किती घडतं, यावर अजून वाद आहे. तरी विसर्जनाच्या रात्री डॉल्बीपुढं नाचून आलेला पोरगा "सकाळी कान मोकळे झाले" म्हणतो, तेव्हा मला ते उंदीर आठवतात.

कायदा अजून आवाजाच्या पातळीवरच मोजतो. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात दोन्ही कानांत 70 डेसिबलची हानी म्हणजे बधिर, 60 ते 70 म्हणजे ऐकण्यास कठीण. व्याख्येत गोंगाटाचा उल्लेख नाही. गर्दीत हरवणारे आबा त्यामुळं कागदोपत्री धडधाकट.

त्यांच्या मशीनला आता दिशा धरणारा माइक आहे. तो समोरचं उचलतो, मागचं दाबतो. म्हणून हॉटेलात मी भिंतीला टेकून बसतो, ते गर्दीकडं पाठ आणि माझ्या तोंडाकडं डोळे लावून. बघणाऱ्यांना वाटतं, म्हातारा रुसलाय.