मोठी बस दारात का येत नाही?
(पालकांसाठी माहितीपत्रक)

पालकांना नमस्कार.

जूनपासून आपल्या मार्गावरच्या व्हॅन बंद करून 50 सीटची बस सुरू केली. तेव्हापासून ऑफिसात रोज एकच प्रश्न येतो: "व्हॅन दारात यायची, बस का येत नाही?" प्रश्न रास्त आहे.

हिशेब मांडून बघा. बस थांबली, दार उघडलं, बसमधल्या मदतनीस मावशींनी हात धरून मुलाला चढवलं, सीटवर बसवलं, बस निघाली. यात दीड मिनिट जातं. 40 घरांसमोर थांबलो तर नुसत्या थांबण्यात 60 मिनिटं गेली. म्हणजे पाचगावला सगळ्यात आधी चढलेलं पहिलीतलं पोर शाळा भरायच्या आधीच दमणार. तीच मुलं 12 थांब्यांवर उभी राहिली, तर एका थांब्याला 2 मिनिटं धरूनही काम 24 मिनिटांत उरकतं. वाचलेला वेळ मुलांच्या झोपेच्या खात्यात जमा. सीटला कितीही जाड फोम घाला, तासभर बसलं की पोर कंटाळतंच.

दुसरं कारण रिव्हर्सचं. पेठेतल्या बोळात मोठी बस घुसली की वळत नाही, मागं घ्यावी लागते. बसच्या अगदी मागं उभं असलेलं लहान मूल आरशात दिसत नाही. त्यामुळं मुलं आजूबाजूला असताना आमचे ड्रायव्हर मामा बस मागं घेणार नाहीत. कितीही ओळखीचे असाल तरी हा आग्रह करू नका.

आता आतल्या बसण्याविषयी. मोठ्या पोरांना मागची सीट हवी असते, कारण तिथं दंगा करता येतो. पण बसचा शेपटाकडचा भाग मागच्या चाकांच्या बराच मागं लोंबतो, म्हणून खड्ड्यात तो सीसॉच्या टोकासारखा उडतो. पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधल्या सीटवर हिसका सगळ्यात कमी बसतो. त्या जागा आम्ही लहान वर्गांसाठी ठेवल्यात. दुसरी गंमत अशी, की बसचे पाटे (चाकांवरच्या स्प्रिंगा) भरल्या गाडीच्या वजनाच्या हिशेबानं बनवलेले असतात. बस भरलेली असताना मऊ चालते आणि रिकामी होत आली की आदळते. परतीच्या वाटेवर शेवटची सहा-सात मुलं राहिली की मावशी त्यांना मधल्या सीटवर बोलावतात, ते यासाठीच. मुलं घरी येऊन "आम्हाला मागून उठवलं" अशी तक्रार करतील, ती ऐकून घ्या आणि सोडून द्या.

गाडी लागते त्या मुलांचं नाव आधी सांगा. कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग म्हणतो आपण हलतोय, डोळे मोबाईलवर खिळलेले असले तर म्हणतात हलत नाही. या भांडणात पोट ढवळतं. अशा मुलाला पुढं बसवून समोरच्या रस्त्याकडं बघायला लावतो. आवळासुपारी द्या, हरकत नाही. उपाशीपोटी पाठवू नका, आणि तिखट कटाची मिसळ खाऊ घालून तर नकोच. (हसू नका, झालंय असं.)

मुलांना उभं ठेवून नेत नाही. सीट 50, तर मुलंही 50. शालेय बसच्या 2011 च्या राज्य नियमांप्रमाणं वेग शहरात ताशी 40 आणि बाहेर 50 किलोमीटरवर बांधलेला असतो, त्यामुळं उशीर झाला तरी मामांना "जरा पळवा" म्हणू नका. दप्तर सीटखाली मावेल एवढंच असावं. केंद्राच्या 2020 च्या शालेय दप्तर धोरणाप्रमाणं ते मुलाच्या वजनाच्या 10 टक्क्यांच्या आत हवं.

पावसाळ्यात कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 39 फुटांच्या इशारा पातळीकडं सरकायला लागली की नदीपलीकडच्या गावांची फेरी चालू की बंद, ते आदल्या रात्री मेसेजनं कळवू. 2019 आणि 2021 चा पूर आपण सगळ्यांनी पाहिलाय, त्यामुळं त्यावर जास्त लिहीत नाही. ऊस गाळप सुरू झालं की ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या मागं 10-15 मिनिटं जातात; त्या महिन्यांत बस तेवढी लवकर निघेल.

थांब्यांची यादी पाठीमागं छापली आहे. वेळेच्या 5 मिनिटं आधी या. बस एका थांब्यावर 2 मिनिटांपेक्षा जास्त थांबणार नाही. संध्याकाळी मुलाला घ्यायला दुसरं कुणी येणार असेल, तर दुपारी 12 च्या आत ऑफिसला फोन करा. मावशी अनोळखी माणसाच्या हातात मूल देणार नाहीत, मग तो सख्खा मामा का असेना.