फिश शेल /इटीसी/प्रोफाइल का वाचत नाही?

शेल म्हणजे आपण टाइप केलेल्या कमांड चालवणारा प्रोग्राम, आणि फिश हा त्यातलाच एक. लॉगिन शेल (लॉगिन होताच सुरू होणारा शेल) बदलून फिश केला की पहिली तक्रार ठरलेली असते: कालपर्यंत चालणारी कमांड आज सापडत नाही, कारण कमांड कुठे शोधायच्या यासारख्या सेटिंग्ज असलेली /इटीसी/प्रोफाइल ही फाइल फिश वाचत नाही. दोष फिशला दिला जातो, पण गुंता 1979 चा आहे.

त्या वर्षी बेल लॅब्जच्या युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमची सातवी आवृत्ती आली. प्रत्येक प्रोसेसने (चालू असलेल्या प्रोग्रामने) आपण सुरू केलेल्या प्रोसेसकडे नाव आणि किंमत अशा जोड्या सोपवायच्या, ही एन्व्हायर्नमेंटची सोय त्यातलीच. स्टीफन बोर्न यांचा शेलही त्यातलाच. लॉगिनला वाचायच्या .प्रोफाइल या फाइलीत, आणि पुढे सर्वांसाठीच्या /इटीसी/प्रोफाइलमध्ये, नुसत्या जोड्या नव्हत्या. ती बोर्न शेलच्या भाषेतली स्क्रिप्ट होती. म्हणजे सिस्टिमची माहिती एका विशिष्ट शेलच्या व्याकरणात अडकली.

बर्कलीत बिल जॉय यांनी सी शेल लिहिला तेव्हाच हे टोचू लागले. त्याचे व्याकरण वेगळे, म्हणून फाइलीही वेगळ्या. रेड हॅटच्या कुळातल्या लिनक्समध्ये /इटीसी/प्रोफाइल.डी मध्ये लँग.एसएच आणि लँग.सीएसएच अशी जोडी दिसते; काम एकच, लिहिले दोनदा. 1989 चा बॅश हा शेल बोर्नच्याच वळणाचा असल्याने लिनक्सवर हा प्रश्न झाकला गेला. झेडशेल हा आणखी एक शेल गरजेपुरता बोर्न शेलसारखा वागू शकतो, त्यामुळे आर्च लिनक्समध्ये /इटीसी/प्रोफाइल वाचायचे काम एका ओळीत भागते.

2005 मध्ये अ‍ॅक्सेल लिल्येनक्रांत्झ यांनी आणलेल्या फिशने मात्र ही सुसंगतता मुद्दाम सोडली. /इटीसी/प्रोफाइल थेट सोर्स केली, म्हणजे चालू शेलमध्येच चालवली, तर 'पाथ=...' (कमांड शोधायच्या डिरेक्टरींची यादी) या ओळीवरच फिश अडतो आणि 'सेट' वापरा म्हणतो. 'इफ'चा शेवट 'फाय'ने केलेलाही त्याला चालत नाही, 'एंड' लागतो.

गोंधळ वाढतो तो लक्षणामुळे. काही डिस्प्ले मॅनेजर (ग्राफिकल लॉगिनचा पडदा दाखवणारे प्रोग्राम) लॉगिनच्या वेळी बोर्न वळणाच्या शेलमधून /इटीसी/प्रोफाइल वाचतात आणि फिशला तयार एन्व्हायर्नमेंट वारशाने मिळते. म्हणून टर्मिनलमध्ये सगळे ठीक, एसएसएचने (दुसऱ्या यंत्रावरून) आत शिरले की एन्व्हायर्नमेंटमधली व्हेरिएबल्स गायब.

सर्वांत भरवशाचा उपाय जुनाच: फिश सुरू होताना वाचतो त्या कॉन्फिग.फिश फाइलीच्या सुरुवातीला, शेल लॉगिनचा असेल तरच, 'एक्झेक'ने (चालू शेलच्या जागी दुसरा प्रोग्राम आणणाऱ्या कमांडने) बॅश चालवायचा. त्याने /इटीसी/प्रोफाइल सोर्स करून पुन्हा 'एक्झेक'ने साधा फिश सुरू करायचा. हा दुसरा फिश लॉगिन शेल म्हणून सुरू केला तर चक्र थांबत नाही आणि लॉगिनच होत नाही. बदल करताना एक जुने सत्र उघडे ठेवावे, हे सांगायला नकोच.

बास आणि फॉरिन-एन्व्ह ही फिशची प्लगइन्स दुसऱ्या वाटेने जातात: बॅशमध्ये स्क्रिप्ट चालवून आधीचे आणि नंतरचे एन्व्हायर्नमेंट ताडून पाहतात आणि फरक तेवढा फिशमध्ये आणतात. बॅशची फंक्शन्स त्यातून येत नाहीत. शिवाय दरवेळी बॅश चालवावा लागत असल्याने शेल उघडायला जरा उशीर होतो.

शेलवर अवलंबून नसलेली जागा म्हणजे /इटीसी/एन्व्हायर्नमेंट. ही फाइल पॅम या लॉगिन तपासणाऱ्या यंत्रणेचे मॉड्यूल वाचते, त्यामुळे लॉगिन शेल कोणता याने फरक पडत नाही. पण ती स्क्रिप्ट नव्हे. तिथे जुन्या पाथला पुढे जोडायच्या सवयीने '$पाथ' लिहिले तर ती अक्षरे जशीच्या तशी किंमत म्हणून बसतात आणि 'एलएस'सारखी (फाइलींची यादी दाखवणारी) साधी कमांडसुद्धा सापडत नाही. डिरेक्टरींची पूर्ण यादीच लिहावी लागते.