ब्राउझरचं खरं अपडेट आणि खोटं अपडेट

‘तुमचा ब्राउझर जुना झाला आहे, अपडेट करा.’ अशी सूचना ब्राउझरकडून येते, तशीच एखाद्या वेबसाइटच्या पानावरही झळकते. ब्राउझरची सूचना त्याच दिवशी ऐकायला हवी. पानावरची दिसली, तर ते पान तिथल्या तिथे बंद करायला हवं. प्रत्यक्षात बरेचदा नेमकं उलटं घडतं. पानावरच्या लाल अक्षरांना घाबरून लोक बटण दाबतात आणि खरी सूचना मात्र कोपऱ्यात तशीच पडून राहते.

खरी सूचना पानाच्या चौकटीबाहेर असते. क्रोममध्ये ती उजवीकडे वर, तीन टिंबांपाशी दिसते. अपडेट येऊन दोन दिवस झाले नसतील तर तिचा रंग हिरवा असतो, चारेक दिवसांनी नारिंगी आणि आठवडा उलटला की लाल. तोवर नवी फाइल गुपचूप उतरलेली असते, पण ब्राउझर बंद करून पुन्हा उघडेपर्यंत जुनाच कोड चालू राहतो. लॅपटॉप नुसता मिटून ठेवणाऱ्यांचं इथेच चुकतं. टॅब जातील ही भीती समजू शकते, पण रीलाँच केल्यावर क्रोम साधे टॅब परत उघडतो. इन्कॉग्निटोमधले मात्र जातात, आणि अर्धवट भरलेला फॉर्म आधी पूर्ण केलेला बरा.

एवढी घाई कशासाठी, हे सप्टेंबर २०२३ मध्ये दिसलं. वेबपी प्रकारची चित्रं उलगडणाऱ्या ‘लिबवेबपी’ या कोडमध्ये गंभीर त्रुटी सापडली. मुद्दाम तसं घडवलेलं चित्र पानावर असलं की हल्ल्याला वाट मिळत होती. वापरणाऱ्याने काही डाउनलोड करायची गरजच नव्हती. ११ सप्टेंबरला गूगलने क्रोमसाठी दुरुस्ती दिली, तेव्हा या त्रुटीचा गैरवापर आधीच सुरू झाल्याचंही सांगितलं. तोच कोड फायरफॉक्स, एज, ब्रेव्ह यांच्यातही होता, त्यामुळे ब्राउझर बदलून सुटका नव्हती.

२०१० च्या जानेवारीत गोष्ट वेगळी होती. तेव्हा इंटरनेट एक्स्प्लोररमधल्या त्रुटीवर दुरुस्ती आलेली नव्हती, म्हणून जर्मनीच्या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेने लोकांना काही काळ दुसरा ब्राउझर वापरायला सांगितलं, आणि तो सल्ला रास्त होता. आपल्याकडे सर्ट-इन ही सरकारी सायबर सुरक्षा संस्था क्रोमबद्दल इशारा देते आणि त्याच्या बातम्या होतात, तेव्हा बहुतेक वेळा दुरुस्ती आलेली असते. मग बातमी ग्रुपवर पाठवण्याआधी स्वतःचा ब्राउझर रीलाँच करावा. दुरुस्ती जाहीर झाली की तिचा अभ्यास करून हल्लेखोरही त्रुटी शोधून काढतात, त्यामुळे नंतरचे दिवस उलट जास्त धोक्याचे.

खोट्या अपडेटला मात्र ब्राउझरमध्ये त्रुटी असावीच लागत नाही. ‘सॉकघोलिश’ नावाने ओळखला जाणारा प्रकार वर्षानुवर्षं असाच चालतो. एखादी प्रामाणिक साइट हॅक होते, तिच्यात परका कोड घुसवला जातो, आणि नेहमीचं पान उघडल्यावर ब्राउझरचा लोगो आणि अपडेटचं मोठं बटण समोर येतं. तुम्ही कोणता ब्राउझर वापरता हे कुठल्याही साइटला कळू शकतं, म्हणून लोगोही अचूक असतो. बटण दाबल्यावर बरेचदा झिप किंवा जेएस (जावास्क्रिप्ट कोडची) फाइल उतरते. विंडोजवर ती जेएस फाइल डबल-क्लिक केली की थेट चालते. ब्राउझर अगदी ताजा असला तरी ही फसवणूक होऊ शकते, कारण फाइल आपणच उघडलेली असते.

शंका आली की पानावरचं काहीही न दाबता मेन्यूतून ‘हेल्प’ आणि ‘अबाउट’ उघडावं. क्रोम आणि फायरफॉक्स तिथेच अपडेट तपासतात. अँड्रॉइडवर प्ले स्टोअरमध्ये पाहावं. आयफोनवर सफारी आयओएसबरोबर अपडेट होते.

फाइल नुसती उतरली असेल, तर न उघडता काढून टाका. उघडली असेल, तर आधी इंटरनेट तोडा, मशीन जाणकाराकडून तपासून घ्या आणि पासवर्ड दुसऱ्या उपकरणावरून बदला, बँक आणि ईमेलचे सर्वात आधी. पैसे गेले असतील, तर बँकेला कळवा आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करा. जितका उशीर, तितकी रक्कम रोखून धरणं अवघड होतं.