स्वल्पविरामात अडकलेलं चित्र

एसव्हीजी या रेषा-आकारांच्या चित्रांच्या फाईलमध्ये वर्तुळ साठवलं की त्याचं केंद्र आणि त्रिज्या साध्या मजकुरात लिहिली जातात: १२.७५, ०.४ वगैरे. फाईल उघडणाऱ्या प्रोग्रॅमला त्या मजकुराची पुन्हा संख्या करावी लागते. सी भाषेत त्यासाठी जुनी, सगळ्यांच्या हाताशी असलेली फंक्शन्स आहेत. त्यांची एक खोड आहे. दशांश चिन्ह कोणतं, हे ती संगणकाच्या भाषा-सेटिंगला विचारतात. प्रोग्रॅमने जर्मन सेटिंग उचललं असेल तर तिथे दशांश चिन्ह म्हणून टिंब नाही, स्वल्पविराम चालतो. मग १२.७५ वाचताना फंक्शन टिंबापाशी थांबतं आणि निमूटपणे १२ हातात ठेवतं. ०.४ चं शून्य होतं. एरर कुठेच नाही, चित्र मात्र चपटं. लिहिताना तर आणखी गोंधळ. १२.७५ च्या जागी '१२,७५' लिहिलं गेलं, तर एसव्हीजीत स्वल्पविराम हा दोन संख्यांमधला विभाजक असल्याने एका संख्येच्या दोन होतात.

अशा बगवर उपाय दोन. जिथे जिथे संख्या वाचली जाते तिथे तिथे ठिगळ लावत बसायचं, किंवा भाषा-सेटिंगकडे ढुंकूनही न बघणारं एकच फंक्शन लिहायचं आणि सगळ्यांना तेच वापरायला लावायचं. दुसऱ्या मार्गाने जे साठत जातं ती युटिलिटी लायब्ररी. संख्या वाचणं, नावं जोडणं-कापणं, याद्या सांभाळणं, मेमरी मागणं आणि परत करणं, असली कामं तिच्याकडे. १९९५ मध्ये बर्कलीतल्या स्पेन्सर किंबॉल आणि पीटर मॅटिस या विद्यार्थ्यांनी गिंप हा चित्रं संपादित करण्याचा प्रोग्रॅम लिहायला घेतला. त्याच्या खिडक्या-बटणांसाठी जीटीके तयार झालं आणि जीटीकेमधला खिडक्यांशी संबंध नसलेला भाग पुढे जीलिब म्हणून वेगळा निघाला. आज लिनक्सवरचा अख्खा ग्नोम डेस्कटॉप जीलिबवर चालतो. टिंबाला टिंबच मानणारं संख्या-वाचक फंक्शन तिच्यात आहे. ब्लेंडर या त्रिमितीय चित्रांच्या प्रोग्रॅममध्ये हे घरकाम ब्लेनलिब करते.

संख्या बरोबर वाचली म्हणून काम संपत नाही, ती झटपटही वाचता आली पाहिजे. ओबीजे हा त्रिमितीय आकारांचा फॉरमॅटसुद्धा निव्वळ मजकूर. दहा लाख बिंदूंच्या मॉडेलमध्ये नुसत्या स्थानांच्याच तीस लाख संख्या. ०.१ सारखा साधा अपूर्णांकही द्विमान पद्धतीत नेमका मांडता येत नाही, त्यामुळे प्रत्येक वेळी सर्वांत जवळची मांडता येणारी संख्या शोधावी लागते. २०२२ मध्ये ब्लेंडरने ओबीजे वाचणारा पायथनमधला कोड बाजूला ठेवून सी++ मधला नवा आणला आणि संख्या वाचायचं काम फास्ट-फ्लोट या तयार लायब्ररीवर सोपवलं. हे शहाणपणाचं झालं असं मला वाटतं. संख्या वाचणारा कोड स्वतः लिहिण्याची हौस बऱ्याच प्रकल्पांना महागात पडते.

आता नावं. ब्लेंडरमधल्या वस्तूंच्या नावांना बरीच वर्षं ६३ बाइटची मर्यादा होती. इंग्रजी अक्षराला यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत एक बाइट लागतो, देवनागरीतल्या प्रत्येक चिन्हाला तीन. 'खुर्ची' हा शब्द आपल्याला दोन अक्षरांचा दिसतो, पण संगणकाच्या लेखी ख, उकार, र, हलंत, च आणि ईकार अशी सहा चिन्हं, म्हणजे १८ बाइट. नुसती देवनागरी चिन्हं असतील तर ६३ बाइटमध्ये बरोबर २१ बसतात. मध्ये एक स्पेस आली की मात्र हिशेब मोडतो: उरलेल्या ६२ बाइटमध्ये २० चिन्हं पूर्ण मावतात आणि एकविसाव्याचे तीनपैकी दोनच बाइट. डोळे मिटून बाइट मोजणारं कॉपी-फंक्शन तिथेच कापतं आणि नावाच्या शेवटी कुठल्याच लिपीत न बसणारा तुकडा उरतो. नीट लिहिलेलं फंक्शन दोन पावलं मागे येऊन चिन्हाच्या सीमेवर कापतं. तरीही 'खुर्' वर नाव थांबू शकतं. यूटीएफ-८ च्या नियमात बसतं, वाचणाऱ्याला मात्र लंगडं दिसतं. ५.० आवृत्तीत ही मर्यादा २५५ बाइटवर नेली गेली.

सगळ्यात मोठा फरक पडतो तो मेमरीतल्या मांडणीने. ब्लेंडरमध्ये त्रिमितीय आकार म्हणजे बिंदूंची जाळी. पूर्वी त्या जाळीचा एकेक बिंदू २० बाइटच्या गठ्ठ्यात असायचा: एक्स, वाय, झेडचे १२ बाइट, पृष्ठभागाची दिशा सांगणारे ६ आणि इतर खुणांचे २. प्रोसेसर मेमरीतून सुटा बाइट उचलत नाही. बहुतेक संगणकांत तो एका वेळी ६४ बाइटचा पट्टा आणतो. आकार नुसता बाजूला सरकवायचा असेल तर स्थानं तेवढी हवीत, पण गठ्ठ्यात बांधलेलं बाकी सामानही फुकट ये-जा करतं. एका पट्ट्यात जेमतेम तीन बिंदू. पुढे गठ्ठे सोडवून स्थानांची वेगळी यादी केली, त्यामुळे एका पट्ट्यात पाच बिंदू मावू लागले. दहा लाख बिंदूंसाठी दोन कोटी बाइटऐवजी एक कोटी वीस लाखच हलवावे लागतात. पृष्ठभागाच्या दिशा लागतील तेव्हाच काढल्या जातात. गणिताचं सूत्र एकही बदललेलं नाही. पण जुना गठ्ठा गृहीत धरून लिहिलेली प्रत्येक ओळ शोधून बदलावी लागली. वापरणाऱ्याला यातलं पडद्यावर काहीच दिसत नाही, त्यामुळे अशा कामाचं कौतुकही कमीच होतं.

धोकाही इथेच आहे. संगणकातल्या दशांश संख्यांची बेरीज क्रमावर अवलंबून असते. आधी पहिल्या दोन मिळवा किंवा आधी शेवटच्या दोन, अखेरचा अंक वेगळा येऊ शकतो. चार बेरजा एकदम करून वेग वाढवला की क्रम बदलतो आणि एखाद्या पिक्सेलचा रंग केसभर सरकतो. म्हणून स्वयंचलित चाचण्यांत नवं चित्र ठेवणीतल्या चित्राशी ताडताना थोडी सूट ठेवलेली असते. ती किती ठेवायची, यावर वाद घालायला भरपूर वाव आहे. फार ठेवली तर खरा बग सुटतो, फार कमी ठेवली तर प्रत्येक निरुपद्रवी बदलावर घंटा वाजते.

सप्टेंबर २०२३ मध्ये लिबवेबपीत सापडलेली चूक असल्या चाचण्यांच्या नजरेत येणारी नव्हती. वेबपी फॉरमॅटमधली चित्रं उलगडणारी ही गूगलची ओपन सोर्स लायब्ररी. माहिती कमी जागेत साठवणाऱ्या हफमन कोडची कोष्टकं बांधताना ती, मुद्दाम बिघडवलेल्या फाईलच्या बाबतीत, मागितलेल्या मेमरीच्या हद्दीबाहेर लिहीत होती. नुसतं चित्र दाखवताना हल्लेखोराचा कोड चालू शकत होता, आणि चूक उघड झाली तोवर तिचा प्रत्यक्ष गैरवापर सुरू झालेला होता. अ‍ॅपलच्या सुरक्षा पथकाने आणि टोरांटो विद्यापीठातल्या सिटिझन लॅबने ती कळवली. क्रोम, फायरफॉक्स यांनी लगोलग दुरुस्त्या काढल्या. लिनक्समध्ये लायब्ररीची सामायिक प्रत बदलली की ती वापरणारे सगळे प्रोग्रॅम एकदम सुधारतात. पण इलेक्ट्रॉन या वेब तंत्रावर अ‍ॅप बनवण्याच्या साच्यावर बांधलेल्या प्रत्येक अ‍ॅपच्या पोटात क्रोमियमची, म्हणजे क्रोमच्या ओपन सोर्स गाभ्याची, स्वतःची प्रत असते आणि तिच्या पोटात लिबवेबपी. त्या अ‍ॅपवाल्यांना आपापली नवी आवृत्ती वेगवेगळी काढावी लागली.